आवेगावरचे औषध आणि संमतीचा प्रश्न

अफू, हेरॉइन, ब्राउन शुगर किंवा गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या यांच्या आहारी गेलेल्या माणसाविषयी आपल्या समाजात दोन टोकांची मते आढळतात. एक मत असे की, त्याने मनावर घेतले तर तो आजही व्यसन सोडू शकेल. सोडत नाही, कारण त्याला सोडायचेच नाही. दुसरे मत असे की, त्याच्या हातात आता काहीच उरलेले नाही. त्याच्या वतीने सारे निर्णय इतरांनीच घ्यावेत. पहिले मत त्याला दोषी ठरवून मोकळे होते, तर दुसरे त्याला माणसांतून उठवते.

वस्तुस्थिती या दोहोंच्या मध्ये आहे. मनात इच्छा उफाळून येणे आणि प्रत्यक्ष हात पुढे जाणे यांच्यामध्ये एक क्षण असतो. त्या क्षणी माणूस थांबतो, परिणामांचा विचार करतो आणि मग ठरवतो. व्यसनग्रस्ताच्या बाबतीत हा क्षण फार आखूड झालेला असतो; तो अजिबात नाहीसा झालेला नसतो. या आखूडपणाला मानसशास्त्रात आवेगशीलता म्हणतात. हा थांबण्याचा क्षण औषधाने लांबवता येईल काय, याचा शोध गेली काही वर्षे निरनिराळ्या देशांतील संशोधक घेत आहेत.

या शोधाचे आम्ही स्वागत करतो. परंतु ज्याची थांबून विचार करण्याची शक्ती क्षीण झाली आहे, त्याच माणसाला 'या चाचणीत सहभागी व्हाल का?' असे विचारावे लागते, ही या शोधातील सर्वांत अवघड बाब होय. औषध किती गुणकारी ठरले हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच त्या माणसाचा होकार कोणत्या अवस्थेत आणि कोणत्या मार्गाने मिळवला हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

आवेग कसा मोजतात?

आवेगशीलतेची ढोबळमानाने दोन रूपे मानली जातात. पहिले रूप म्हणजे सुरू झालेली कृती आवरता न येणे. हे मोजण्यासाठी संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक चिन्हे दाखवली जातात. ठरावीक चिन्ह दिसताच बटण दाबायचे आणि दुसरे चिन्ह दिसले तर हात आवरायचा, एवढाच तो खेळ असतो. कितीदा हात आवरला गेला नाही, यावरून अंदाज बांधला जातो. दुसरे रूप म्हणजे उद्याच्या मोठ्या लाभापेक्षा आजचा छोटा लाभ निवडणे. येथे 'आज थोडे पैसे घेणार की काही दिवसांनी अधिक घेणार?' असे अनेक प्रश्न रकमा आणि मुदती बदलून विचारले जातात.

या दुसऱ्या पद्धतीने अमेरिकेत झालेला एक अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हेरॉइनच्या आहारी गेलेल्या ५६ व्यक्तींची तुलना व्यसन नसलेल्या ६० व्यक्तींशी केली होती. उशिरा मिळणाऱ्या रकमेचे मोल व्यसनग्रस्तांच्या मनात दुप्पट वेगाने घसरते, असे त्यात आढळले. उद्याचे सुख, मुलांचे शिक्षण, सुधारलेली प्रकृती या गोष्टी त्यांना नको असतात असे नव्हे. त्या गोष्टी त्यांना फार दूरच्या आणि म्हणून फिक्या दिसतात.

२००२ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासाचा निष्कर्ष आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. उपचार घेणाऱ्या त्याच व्यक्तींची दोनदा चाचणी घेण्यात आली : एकदा औषधाची मात्रा नीट मिळालेली असताना आणि एकदा मात्रा लांबल्यामुळे शरीर कासावीस होऊ लागलेले असताना. दुसऱ्या अवस्थेत त्यांची घाई स्पष्टपणे वाढली. माणसे तीच होती, स्वभाव तोच होता. तरी थांबण्याची शक्ती बदलली. गर्दच्या दुनियेतील बोलीत ज्या अवस्थेला 'टर्की' म्हणतात, त्या अवस्थेत केलेली निवड ही त्या माणसाची पूर्ण निवड नसते. हे निरीक्षण पुढे पुन्हा आपल्या कामी येणार आहे.

आवेगशीलता हे व्यसनाचे कारण की परिणाम, या प्रश्नाचे उत्तर सरळ नाही. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१२ साली उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेल्या व्यक्तींबरोबर त्यांच्या निर्व्यसनी सख्ख्या भावंडांचीही तपासणी केली. हात आवरण्याच्या चाचणीत दोघांतही कमतरता आढळली. म्हणजे काही अंशी ती जन्मजात असावी. मात्र याच विद्यापीठात उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले होते की, स्वभावतः उतावळे उंदीर कोकेनच्या आहारी लवकर जातात; हेरॉइनच्या बाबतीत मात्र तसा संबंध आढळला नाही. तेव्हा 'हा मुलगा पहिल्यापासूनच उतावळा होता, म्हणून गर्दच्या नादी लागला' असे म्हणण्यापूर्वी आपण विचार केलेला बरा. अफूवर्गीय पदार्थ स्वतःच ही घाई निर्माण करीत असण्याची शक्यता आहे.

औषधे आहेत, मग नवे कशाला?

अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनावर उपचारच नाहीत, असा एक गैरसमज आहे. मेथाडोनच्या साहाय्याने २२ रुग्णांवर केलेल्या उपचारांचा वृत्तांत व्हिन्सेंट डोल व मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी १९६५ साली न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध केला. पुढे बुप्रेनॉर्फिन आले. अमेरिकेने २००२ साली व्यसनोपचारासाठी त्याला मान्यता दिली. ही दोन्ही औषधे २००५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत समाविष्ट झाली. ती तलफ शमवतात आणि शरीराची कासाविशी थांबवतात. तिसरे औषध नाल्ट्रेक्सोन. ते अफूवर्गीय पदार्थांचा परिणामच होऊ देत नाही.

या औषधांची खरी अडचण ती घेणे मधेच सोडले जाते ही आहे. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक देशांतील अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. मेथाडोनचा उपचार चालू असलेल्या दर १,००० व्यक्तींमागे वर्षाला सुमारे ११ मृत्यू होतात, तर उपचार सोडलेल्यांत हेच प्रमाण सुमारे ३६ आहे, असे त्यात दिसून आले. हा फरक तिपटीहून अधिक आहे. काही काळ व्यसनापासून दूर राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी पूर्वीचीच मात्रा घेतली तर श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात अमली पदार्थांच्या अतिमात्रेने १ लाख ७ हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांतील सुमारे ८१,८०० मृत्यूंत अफूवर्गीय पदार्थांचा हात होता.

उपचार सोडण्याचा निर्णय बहुधा शांतपणे, आठवडाभर विचार करून घेतला जात नाही. जुना मित्र भेटतो, घरात कडाक्याचे भांडण होते, हातात अचानक पैसे येतात आणि त्या एका क्षणात महिनोन्‌महिन्यांची मेहनत वाहून जाते. म्हणूनच आवेगावर औषध शोधण्यास अर्थ आहे. हे औषध मेथाडोन वा बुप्रेनॉर्फिनची जागा घेण्यासाठी नाही; रुग्णाला उपचारात टिकवून धरण्यासाठी त्यांच्या जोडीला ते हवे आहे.

आजवरचा शोध

या दिशेने काही पावले पडली आहेत. मुलांमधील लक्ष विचलित होण्याच्या विकारावर वापरले जाणारे ॲटोमॉक्सेटिन हे औषध निरोगी स्वयंसेवकांना दिले असता त्यांची हात आवरण्याची क्षमता सुधारते, असे केंब्रिजच्या संशोधकांनी २००६ साली दाखवले. पुढे लंडनचे इम्पीरियल कॉलेज, केंब्रिज आणि मँचेस्टर येथील संशोधकांनी मिळून एक मोठा उपक्रम हाती घेतला. मद्य, कोकेन व अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनातून बाहेर पडलेल्या व्यक्तींना नाल्ट्रेक्सोन, केमोथेरपीच्या रुग्णांना उलट्या होऊ नयेत म्हणून दिले जाणारे ॲप्रेपिटंट आणि मेंदूतील डोपामिनच्या एका विशिष्ट ग्राहकाला अडवणारे एक प्रायोगिक औषध, अशा औषधांची एकेक मात्रा देऊन त्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेण्यात आली. मोह, आवेग आणि ताण या तिन्ही प्रसंगी मेंदू कसा वागतो, हे पाहणे हा त्यामागील हेतू होता. हा उपचार नव्हता; उपचाराची वाट शोधण्याचा प्रयत्न होता.

अफूवर्गीय पदार्थांच्या व्यसनातील आवेगशीलतेवर म्हणून खास मान्यता मिळालेले औषध आजमितीस उपलब्ध नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. असे औषध असल्याचा दावा करून कोणी पुड्या वा थेंब विकत असेल, तर कुटुंबीयांनी सावध राहावे.

सावधगिरीचे आणखी एक कारण आहे. मेंदूतील जी रसायने आवेगाशी निगडित आहेत, त्यांना हात लावला की परिणाम उलटही होऊ शकतो. कंपवातावर दिल्या जाणाऱ्या काही औषधांमुळे आयुष्यभर जपून वागलेल्या रुग्णांना जुगाराची वा बेसुमार खरेदीची अनावर ओढ लागल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. अशा औषधाची चाचणी म्हणूनच रक्तदाबाच्या गोळीच्या चाचणीसारखी मानता येणार नाही.

शिवाय यश कशाला म्हणायचे, हाही प्रश्न आहे. औषध घेतल्यावर संगणकाच्या खेळात गुण वाढले, एवढ्याने कोणाचे घर सावरत नाही. शांत खोलीत, डॉक्टरांच्या समोर बसून हात आवरणे वेगळे आणि रात्री अकरा वाजता गल्लीच्या तोंडाशी उभे असताना पाय आवरणे वेगळे. रुग्ण किती महिने उपचारात टिकला, किती जण जिवंत राहिले, किती जण कामावर परतले, हेच निकष असले पाहिजेत. २०१८ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७० रुग्णांच्या अमेरिकी चाचणीने या बाबतीत चांगला पायंडा पाडला. नाल्ट्रेक्सोनचे महिन्यातून एकदा घ्यावयाचे इंजेक्शन आणि बुप्रेनॉर्फिन यांची त्यात तुलना होती. इंजेक्शनच्या गटातील २८ टक्के लोक उपचार सुरूच करू शकले नाहीत, कारण त्याआधी शरीर पूर्णपणे अमली पदार्थांपासून मुक्त व्हावे लागते. बुप्रेनॉर्फिनच्या गटात हे प्रमाण ६ टक्के होते. उंबरठ्यावरूनच परत फिरलेल्यांचीही मोजदाद झाली, म्हणून हे सत्य पुढे आले.

इतिहासाचा इशारा

अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे १९३५ साली एक संस्था सुरू झाली. ती निम्मी तुरुंग आणि निम्मी रुग्णालय होती. तेथील संशोधन केंद्रात अनेक दशके व्यसनग्रस्त कैद्यांवर नव्या औषधांचे प्रयोग झाले. कैदी आपण होऊन तयार होत, हे खरे. पण मोबदला म्हणून त्यांना शिक्षेत सूट किंवा चक्क अमली पदार्थ मिळत असत. ज्या गोष्टीपुढे माणूस दुबळा आहे तीच त्याला देऊ करायची आणि त्याच्या होकाराला स्वखुशी म्हणायचे, असा हा व्यवहार होता. १९७० च्या दशकात या प्रकारांवर जाहीर टीका झाली आणि कैद्यांवरील हे प्रयोग थांबले. आज असंख्य जीव वाचवणाऱ्या बुप्रेनॉर्फिनची सुरुवातीची तपासणीही याच केंद्रात झाली होती. चांगले फळ मिळाले म्हणून ते मिळवण्याची रीत चांगली ठरत नाही.

दुसरे उदाहरण रशियाचे. नाल्ट्रेक्सोनच्या इंजेक्शनला अमेरिकेने २०१० साली व्यसनोपचारासाठी मान्यता दिली, ती प्रामुख्याने रशियात २५० रुग्णांवर झालेल्या चाचणीच्या आधारे. औषध घेणाऱ्यांच्या गटात व्यसनमुक्त आठवड्यांचे मध्यमान ९० टक्के, तर निष्क्रिय इंजेक्शन मिळालेल्या गटात ३५ टक्के आढळले. निष्कर्ष उत्साहवर्धक होता. परंतु निम्म्या रुग्णांना समुपदेशनाखेरीज केवळ निष्क्रिय इंजेक्शन देणे तेथे शक्य झाले, याचे एक कारण म्हणजे त्या देशात व्यसनोपचारासाठी मेथाडोन व बुप्रेनॉर्फिन वापरण्यास बंदी आहे. यावर अनेक तज्ज्ञांनी आक्षेप घेतला. जीव वाचवणारे औषध जगात उपलब्ध असताना त्याच्याशी तुलना न करता 'काहीच नाही' याच्याशी तुलना करणे कितपत न्याय्य आहे, हा त्यांचा प्रश्न आम्हांला रास्त वाटतो. आवेगावरील औषधांच्या चाचण्यांत तरी प्रत्येक सहभागी व्यक्तीला आधी सिद्ध झालेला उपचार मिळावा आणि नवे औषध त्याच्या जोडीला तपासले जावे.

होकार कधी खरा मानायचा?

कॅनडातील तत्त्वज्ञ लुई शारलँड यांनी २००२ साली असा युक्तिवाद केला की, हेरॉइनच्या आहारी गेलेली व्यक्ती हेरॉइन देऊ करणाऱ्या प्रयोगाला खऱ्या अर्थाने संमती देऊच शकत नाही. त्यावर बराच वाद झाला. व्यसनग्रस्तांना सरसकट असमर्थ ठरवणे हा त्यांचा अपमान आहे, आणि त्यांना संशोधनातून वगळले तर त्यांच्यासाठी औषधे कधीच तयार होणार नाहीत, असे विरोधकांचे म्हणणे होते.

आमच्या मते वर उल्लेखिलेल्या २००२ च्या अभ्यासातच या वादातून बाहेर पडण्याची वाट आहे. तीच व्यक्ती कासावीस असताना घाईने निवड करते आणि शरीर शांत असताना सावकाश विचार करू शकते. तेव्हा 'ही व्यक्ती संमती देऊ शकते का?' याऐवजी 'ही व्यक्ती केव्हा संमती देऊ शकते?' असे विचारले पाहिजे. आधी उपचार सुरू करावेत, शरीर स्थिरावू द्यावे, मग माहिती द्यावी. एक-दोन दिवस जाऊ द्यावेत, माहिती समजली की नाही हे त्याच्याच शब्दांत विचारून घ्यावे आणि मगच सही घ्यावी. चाचणी चालू असताना हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारावा. आवेगाचा अभ्यास करणाऱ्यांनी स्वतः घाई करू नये, एवढीच ही अपेक्षा आहे.

मोबदल्याच्या बाबतीतही पूर्वग्रह बाजूला ठेवला पाहिजे. 'रोख पैसे दिले तर ते नशेतच जातील' असे सहज म्हटले जाते. फिलाडेल्फिया येथील संशोधकांनी २००५ साली हे तपासून पाहिले असता, अधिक मोबदला दिल्याने अमली पदार्थांचे सेवन वाढल्याचे आढळले नाही. वेळ आणि श्रम यांचा उचित मोबदला हा सहभागी व्यक्तीचा हक्क होय.

न्यूरेंबर्ग येथील खटल्यानंतर १९४७ साली स्वेच्छेने दिलेल्या संमतीचे तत्त्व जगापुढे मांडले गेले. पोप पायस बारावे यांनी सप्टेंबर १९५२ मध्ये वैद्यकीय संशोधकांपुढे बोलताना, रुग्णाने दिलेल्या अधिकारापलीकडे डॉक्टरांना त्याच्यावर कोणताही अधिकार नाही, असे स्पष्ट केले होते. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याने हीच दिशा पक्की केली. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी जून २०१४ मध्ये पर्यायी अमली द्रव्ये ही पुरेशी उपचारपद्धती नाही, तो समस्येपुढे शरण जाण्याचा छुपा प्रकार आहे, असा इशारा दिला होता. औषध एकटे पुरेसे नाही, हे व्यसनोपचार करणारे डॉक्टरही मान्य करतील. परंतु मृत्यूच्या वर दिलेल्या आकड्यांकडे पाहता, औषध पुरेसे नाही म्हणून ते नाकारणे हा त्याचा अर्थ होऊ शकत नाही, असे आम्ही नम्रपणे सुचवू इच्छितो.

आपल्या दाराशी

हा विषय परदेशापुरता नाही. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक अफूवर्गीय पदार्थांचे सेवन करतात आणि त्यांतील सुमारे ७७ लाख लोकांना या सेवनासाठी मदतीची गरज आहे. मुंबई-पुण्याने १९८० च्या दशकात गर्दचा विळखा पाहिला आहे. त्या काळात फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन' सुरू केले आणि १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' उभे केले. माणसाला धरून ठेवणारी माणसे हवीत, हा त्या कामाचा धडा कोणतेही नवे औषध पुसून टाकणार नाही.

आपल्या देशात औषधांच्या चाचण्यांसाठी २०१९ चे नियम लागू आहेत. चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत करणे, नीतिसमितीची मान्यता घेणे आणि इजा झाल्यास उपचार व भरपाई देणे बंधनकारक आहे. अगदी नव्या औषधाच्या चाचणीत दुर्बल गटातील व्यक्तीची संमती घेताना तिचे चित्रीकरणही करावे लागते. व्यसनग्रस्त व्यक्तीला या गटात धरूनच चालावे, असे आम्हांला वाटते.

उद्या आपल्या घरातील कोणाला अशा चाचणीत सहभागी होण्याविषयी विचारणा झाली, तर घाबरून नकार देऊ नये आणि हुरळून होकारही देऊ नये. चाचणीची नोंद झाली आहे काय? नेहमीचा उपचार चालू राहणार आहे काय? चाचणी संपल्यावर औषध आणि देखभाल कोण पुरवणार? मधेच बाहेर पडल्यास चालू उपचार बंद होणार नाही ना? हे प्रश्न शांतपणे विचारावेत. आणि सर्वांत आधी, ज्याच्यावर चाचणी होणार आहे त्याला विचारावे. तो कासावीस नसताना, त्याच्या शेजारी बसून आणि उत्तरासाठी त्याला वेळ देऊन विचारावे. थांबण्याचा तो क्षण लांबवणारे औषध येईल तेव्हा येईल. तो क्षण त्याला मिळवून देणे आजही आपल्या हाती आहे.